कंपनीसाठी बीआय सॉफ्टवेअर कोणते घ्यावे? शिरोलीच्या एका फौंड्रीतून विचारलेला प्रश्न

शिरोली_फौंड्री

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी उत्पादन नियोजनाचे काम पाहतो. दोन इंडक्शन भट्ट्या, तीन पाळ्या आणि दीडशेच्या आसपास माणसे एवढा आमचा व्याप आहे. बिले आणि खरेदी टॅलीत असते. उत्पादन आणि मालाची पाठवणी एका स्थानिक माणसाने करून दिलेल्या ईआरपीत, म्हणजे कारखान्याचे व्यवहार नोंदवणाऱ्या प्रणालीत असते, त्याचा डेटा एसक्यूएल सर्व्हरवर आहे. रिजेक्शनच्या, म्हणजे सदोष ठरलेल्या मालाच्या, नोंदी मात्र क्वालिटीच्या नोंदवहीतून एक्सेलमध्ये उतरतात. रोज सकाळी नऊच्या बैठकीसाठी मी साडेसातला येतो आणि या तिन्ही ठिकाणचे आकडे एका तक्त्यात आणून बसवतो. मागच्या महिन्यात मी दोन दिवस रजेवर होतो, तर त्या दोन्ही दिवशी बैठकच झाली नाही. तेव्हा मोठ्या साहेबांनी ठरवले की हे काम एका माणसावर अवलंबून राहता कामा नये, आणि त्यासाठी चांगले बीआय (बिझनेस इंटेलिजन्स) सॉफ्टवेअर, म्हणजे ठिकठिकाणचे आकडे एकत्र आणून अहवाल आणि आलेख दाखवणारे साधन, घ्यावे.

गेल्या पंधरवड्यात तीन विक्रेते येऊन गेले. तिघांनीही त्यांच्याजवळचा नमुना डेटा घेऊन फार देखणे डॅशबोर्ड दाखवले. आमचा डेटा घेऊन दाखवा म्हटल्यावर तिघांनीही आधी ऑर्डर द्या, असे सांगितले. पाहणारे बारा जण असतील, त्यांतले तिघे-चौघेच स्वतः काही शोधून पाहतील. एक्सेल आणि पॉवर क्वेरी मला बऱ्यापैकी येते, एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा, जेमतेम येते. पॉवर बीआय, टॅब्लो, झोहो अ‍ॅनालिटिक्स, मेटाबेस यांपैकी तुमच्याकडे काय आहे, आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तर तेच घ्याल का, हे कृपया सांगावे.

आकडेमोड

आम्ही गोकुळ शिरगावात मशीन शॉप चालवतो आणि गेली चार वर्षे पॉवर बीआय वापरतो. तुम्हाला पॉवर क्वेरी येते म्हणजे अर्धी वाट तुम्ही चाललेलाच आहात, कारण पॉवर बीआयमध्ये डेटा साफ करण्याचे सगळे काम त्याच साधनाने होते.

खर्चाचे मात्र आधीच नीट समजून घ्या. डेस्कटॉप आवृत्ती फुकट आहे, ती फक्त विंडोजवर चालते, आणि तिच्यावर तुम्ही एकटे हवे ते करू शकता. अहवाल दुसऱ्याला पाहायला द्यायचा म्हटले की बनवणाऱ्यालाही आणि पाहणाऱ्यालाही प्रो परवाना लागतो. एप्रिल २०२५ पासून त्याचा जाहीर दर माणशी महिना १४ डॉलर आहे, त्याआधी तो १० होता. बारा जणांचे वर्षाला २,०१६ डॉलर होतात, कर वेगळा. फुकट परवान्यावर पाहण्याची सोय एफ६४ नावाची किंवा त्याहून मोठी सर्व्हर-क्षमता विकत घेतली तरच मिळते, आणि आपल्यासारख्या कारखान्यांचा तो विषय नाही. प्रो परवान्यावर दिवसातून आठ वेळा डेटा ताजा करण्याचे वेळापत्रक लावता येते. सकाळच्या बैठकीला एकदाही पुरे, पण भट्टीवरचा चालू आकडा दर पाच मिनिटांनी हवा असेल तर ही मर्यादा आडवी येते.

टॅब्लोत वेगवेगळ्या कामाचे वेगवेगळे दर आहेत. बनवणाऱ्याला महिना ७५ डॉलर, हाताळणाऱ्याला ४२ आणि नुसते पाहणाऱ्याला १५, तेही वर्षभराचे एकदम. चित्र काढण्यात टॅब्लोचा हात अजूनही सर्वांत मोकळा आहे, असे माझे मत आहे, परंतु तुमच्या कामाला मी ते सुचवणार नाही.

गूळपेठ

आमच्या अडत पेढीला एक्सेल पुरते. पिव्होट टेबल नीट शिकून घेतले तर निम्म्या लोकांना दुसरे काही लागणार नाही.

यंत्रमाग_इचलकरंजी

एक्सेल पुरते हे मान्य आहे, पण कशाला पुरते याची मर्यादा आहे. एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात आणि जुन्या एक्सएलएस स्वरूपात फक्त ६५,५३६. इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात कोविडचे १५,८४१ रुग्ण याच जुन्या स्वरूपामुळे रोजच्या मोजणीतून गळले, आणि ही गळती आठवडाभर कोणाच्या ध्यानात आली नाही. फाइल भरली की ती ओरडत नाही, पुढच्या ओळी नुसत्या येत नाहीत.

शिरोलीकर साहेब, तुम्ही मेटाबेसचे नाव घेतलेत म्हणून लिहितो. त्याची मुक्तस्रोत आवृत्ती स्वतःच्या सर्व्हरवर बसवली तर पाहणारे बारा असोत वा बाराशे, परवान्याचा खर्च शून्य राहतो. एसक्यूएल सर्व्हरला ते थेट जोडता येते, साधे प्रश्न माउसने निवडून विचारता येतात आणि ठरलेल्या वेळी डॅशबोर्ड ईमेलने पाठवता येतो. सुपरसेटही याच वाटेचे आहे. २०१५ मध्ये एअरबीएनबीत सुरू झालेला तो प्रकल्प आज अपाचेकडे आहे, पण त्याला एसक्यूएल जाणणारा माणूस जास्त लागतो.

एक चूक आमच्याकडून झाली ती तुम्ही करू नका. मेटाबेस बसवल्यावर ते स्वतःच्या नोंदी, म्हणजे तुम्ही बनवलेले प्रश्न, डॅशबोर्ड आणि वापरकर्ते, एच२ नावाच्या एका लहान फाइलमध्ये ठेवते. चाचणीपुरते ते ठीक आहे. आम्ही तसेच सहा महिने वापरत राहिलो. एका दिवशी वीज गेल्यावर ती फाइल बिघडली आणि चाळीस-एक डॅशबोर्ड पुन्हा बनवावे लागले. पहिल्याच दिवशी त्या नोंदी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये हलवा आणि रोज रात्री त्यांची प्रत घ्या.

आकडेमोड

परवान्याचा खर्च शून्य, हे वाक्य अपुरे आहे असे मला वाटते. तुमच्याकडे सर्व्हर सांभाळणारा माणूस आहे, म्हणून तो खर्च दिसत नाही. शिरोलीकरांकडे तो नाही. शिवाय २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले, वाहतूक बंद झाली आणि लोकांना कारखान्यापर्यंत पोहोचता येईना. त्या दिवसांत कार्यालयातल्या सर्व्हरवरचे काहीही घरून पाहता आले नाही. डेटा बाहेर ठेवण्याची भीती मी समजतो, पण तळमजल्यावरच्या खोलीतला सर्व्हर म्हणजे सुरक्षितता, असे आपल्या भागात तरी म्हणता येत नाही.

यंत्रमाग_इचलकरंजी

पुराचा मुद्दा रास्त आहे. मेटाबेस भाड्याच्या सर्व्हरवरही चालते, आमचे तसेच आहे. माणूस लागतो हेही खरे, पण तो पॉवर बीआयलाही लागतो. तो कोणत्या नावाखाली पगार घेतो एवढाच फरक आहे.

लेखापाल_कागल

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कंपनीचे लेखे पाहते. टॅलीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. टॅलीतून ओडीबीसीने किंवा एक्सएमएलने डेटा बाहेर काढता येतो, पण त्या वेळी टॅली उघडी असावी लागते आणि त्यात ती कंपनी निवडलेली असावी लागते. विक्रेते हे सांगत नाहीत. आम्ही आता रात्री एका ठरलेल्या संगणकावर टॅली आपोआप उघडून दिवसाचे व्हाउचर एका वेगळ्या डेटाबेसमध्ये उतरवून घेतो, आणि अहवाल त्या प्रतीवरच चालतात. चालू ईआरपीवर किंवा चालू टॅलीवर थेट अहवाल चालवू नका, भर दुपारी बिलिंग अडते.

आमच्याकडे पॉवर बीआयचे गेटवे, म्हणजे कार्यालयातला डेटा वरच्या सेवेपर्यंत पोहोचवणारा दुवा, सुरुवातीला आमच्या एका सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर बसवले होते. तो लॅपटॉप संध्याकाळी घरी जायचा आणि पहाटेचे रिफ्रेश फसायचे. लागोपाठ चार वेळा फसले की ते वेळापत्रकच बंद पडते. चूक दाखवणारा ईमेल अहवालाच्या मालकाला जातो, आणि तो मालक म्हणजे नोकरी सोडून गेलेला मुलगा होता. नऊ दिवस आमचे साहेब तेच जुने येणे-बाकीचे आकडे पाहून वसुलीचे फोन करत होते. ज्यांनी पैसे भरले होते त्यांनाही फोन गेले. तेव्हापासून प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात "शेवटची नोंद अमुक तारखेची" असे मोठ्या अक्षरांत येते, आणि ती तारीख कालची नसेल तर अक्षरे लाल होतात. सॉफ्टवेअर कोणतेही घ्या, ही एक गोष्ट पहिल्या दिवशी करा.

दुसरे असे की "पब्लिश टू वेब" हा पॉवर बीआयमधला पर्याय प्रशासकाकडून बंद करून घ्या. त्याने तयार होणारा दुवा सर्व जगाला उघडा असतो, त्याला पासवर्ड नसतो. दुवा पाठवणे सोपे पडते म्हणून माणसे तो वापरतात. टॅब्लो पब्लिक या फुकट सेवेचेही तसेच आहे. ग्राहकांचे दर असलेले पान तिथे ठेवायचे नाही.

ऊस_विश्लेषक

मी साखर कारखान्याच्या संगणक विभागात आहे. माझा अनुभव सॉफ्टवेअरपेक्षा दिनदर्शिकेचा आहे. आमचे हंगामाचे वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर, हिशेबाचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. उसाची रक्कम ऊस दिल्यापासून १४ दिवसांत द्यावी, असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम असल्यामुळे तिसरे मोजमाप पंधरवड्याचे. कोणत्याही बीआय साधनाला यातले काहीही उपजत माहीत नसते. तुमच्याकडे साप्ताहिक सुटी कोणत्या वारी असते? पॉवर बीआयमधली आठवड्याची सूत्रे काही न सांगता वापरली तर आठवडा रविवारपासून मोजतात. प्रत्येक तारखेसमोर तिचे हंगाम-वर्ष, आर्थिक वर्ष, आठवडा आणि सुटी लिहिलेला एक तक्ता आधी स्वतः बनवा. आम्हाला त्याला दोन दिवस लागले, आणि आमच्या सगळ्या अहवालांचा पाया तो तक्ता आहे.

शिरोली_फौंड्री

ऊस_विश्लेषक, आमची सुटी सोमवारी असते, त्यामुळे आमच्या कामाचा आठवडा मंगळवारी सुरू होतो. आज मी फुकटची डेस्कटॉप आवृत्ती उतरवून घेतली आणि ईआरपीतले तीन महिने घालून पाहिले. आठवडा रविवारपासून धरल्यामुळे एकाच सुटीच्या अलीकडचा रविवार आणि पलीकडचा मंगळवार एका आठवड्यात पडले. ज्या आठवड्यात आम्ही सर्वांत जास्त ओतकाम केले तो आलेखावर मधल्यासारखा दिसत होता. आणखी एक अडचण निघाली. रात्रपाळीत पहाटे दोनला ओतलेली हीट, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू, ईआरपी पुढच्या तारखेत धरते आणि भट्टीवरची नोंदवही आदल्या तारखेत. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि आजवर बैठकीत होणारे निम्मे वाद याच फरकाचे होते, हे मला आज कळले.

दूधसंकलन

एक सूचना द्यावीशी वाटते. टक्केवारीची सरासरी सॉफ्टवेअरवर सोडू नका. आमच्या डॅशबोर्डवर एका मार्गाचे सरासरी फॅट ६.५ दिसत होते आणि टँकरमध्ये ६.१ भरत होते. एका संस्थेचे दूध १०० लिटर ७.० फॅटचे आणि दुसरीचे ९०० लिटर ६.० चे असेल, तर दोन टक्क्यांची सरासरी ६.५ येते, पण सगळे दूध एकत्र केल्यावरचे फॅट ६.१ च असते. साधनाने टक्केवारीच्या स्तंभाची सरळ सरासरी काढली होती. महिनाभर दोन संकलकांकडे संशयाने पाहिले गेले, त्याचे मला आजही वाईट वाटते. तुमच्या रिजेक्शनच्या टक्क्यांनाही हेच लागू होईल. नगावर काढायचे की वजनावर, हे आधी ठरवा.

पुण्यात_कोल्हापूरकर

आकडेमोड यांच्या टॅब्लोविषयीच्या मताशी मी सहमत नाही, पण त्यावर वाद वाढवत नाही. मला चित्रांविषयी लिहायचे आहे, कारण विक्रेत्यांचे देखणे डॅशबोर्ड म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर गोल चक्रे आणि गाडीच्या मीटरसारखे काटे आले. क्लीव्हलँड आणि मॅक्गिल या दोन संशोधकांनी १९८४ मध्ये प्रयोगांच्या आधारे दाखवले की माणूस एका रेषेवरची जागा फार अचूक वाचतो आणि कोन व क्षेत्रफळ त्यापेक्षा बरेच कमी अचूक वाचतो. रिजेक्शनची आठ कारणे गोल चक्रात मांडली तर ब्लोहोल (वायूमुळे आत पडलेली पोकळी) आणि वाळूचे दोष यांपैकी मोठे काय, ते पाहून सांगता येत नाही. त्याच आठ आडव्या पट्ट्या उतरत्या क्रमाने लावल्या तर मोठे साहेब दोन सेकंदांत सांगतील. चाचणी घेताना विक्रेत्याला चक्र काढायला सांगू नका, पट्ट्या काढायला सांगा, आणि त्यावर मराठी नावे नीट उमटतात का ते पीडीएफ काढून पाहा. जोडाक्षरे पडद्यावर ठीक आणि कागदावर तुटलेली, असे मी पाहिले आहे.

लेखापाल_कागल

याला जोडून सांगते. लाख-कोटीत आकडे दाखवणे पॉवर बीआयमध्ये आपोआप होत नाही, ते हजार आणि दशलक्ष दाखवते. त्याचे स्वरूप स्वतः लिहून द्यावे लागते. ते एकदा लिहून साठवून ठेवा. आमच्या साहेबांना १२.४ एम म्हणजे किती, हे दर वेळी विचारावे लागत होते.

साचा_आणि_वाळू

मी अठरा वर्षे फौंड्रीच्या क्वालिटीत आहे. शिरोलीकर दादा, तुम्ही रिजेक्शनचा उल्लेख एका ओळीत केलात, पण माझ्या मते तुमची निवड तिथेच ठरणार आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

कास्टिंग जानेवारीत ओतले, फेब्रुवारीत ग्राहकाकडे गेले, मार्चमध्ये त्यांच्या मशीनवर कातताना आतला ब्लोहोल उघडा पडला आणि एप्रिलमध्ये डेबिट नोट, म्हणजे त्याचे पैसे कापल्याची चिठ्ठी, आली. हे रिजेक्शन कोणत्या महिन्याचे? टॅली म्हणते एप्रिलचे. ग्राहकाचा अहवाल म्हणतो मार्चचे. दोष मात्र जानेवारीतल्या त्या पाळीचा आहे, जेव्हा वाळूतला ओलावा वाढला होता किंवा कोर, म्हणजे साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा, नीट भाजला गेला नव्हता. आमच्याकडे वर्षानुवर्षे डेबिट नोटच्या तारखेने आलेख निघत होता. एप्रिलचा आकडा चढला की एप्रिलमधल्या सुपरवायझरला जाब विचारला जायचा. त्या माणसाने ते कास्टिंग पाहिलेलेही नसायचे.

मग आम्ही ओतल्याच्या तारखेने आलेख काढला. त्यात दुसरा धोका निघाला. ओतल्याच्या तारखेने पाहिले तर अलीकडचे दोन-तीन महिने नेहमीच चांगले दिसतात, कारण त्यांचा परत येणारा माल अजून परत आलेला नसतो. एका वर्षी आम्ही "सुधारणा झाली" म्हणून बक्षीसही दिले आणि तीन महिन्यांनी तोच महिना वर्षातला सर्वांत वाईट ठरला. आता शेवटच्या तीन महिन्यांच्या पट्ट्या आम्ही फिक्या रंगात दाखवतो आणि खाली लिहितो की परतीचा माल येणे बाकी आहे. प्रत्येक महिन्याची तुलना मागच्या महिन्यांच्या तेवढ्याच वयाच्या आकड्याशी करतो, म्हणजे मार्च संपल्यावर ३० दिवसांनी जेवढे परत आले, ते जानेवारी संपल्यावर ३० दिवसांनी जेवढे आले होते त्याच्यासमोर ठेवतो.

हे वर नावे आलेल्या साधनांपैकी कशातही जमेल. अट एकच आहे. परत आलेल्या प्रत्येक नगावर उठवलेला हीट कोड वाचून कोणीतरी लिहिलेला असला पाहिजे. म्हणून विक्रेत्यांना पुन्हा बोलवाल तेव्हा तुमची परतीच्या मालाची नोंदवही पुढे ठेवा आणि सांगा, "ओतल्याच्या तारखेने रिजेक्शन काढून दाखवा." जो माणूस पहिल्यांदा हीट क्रमांक कुठे आहे असे विचारेल, त्याच्याशी बोला.

यंत्रमाग_इचलकरंजी

ताई, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. आमच्या कापडातही दोष विणताना होतो आणि प्रोसेसिंगनंतर दिसतो. फिक्या पट्ट्यांची कल्पना आम्ही उद्याच घेत आहोत.

शिरोली_फौंड्री

पाच आठवड्यांनी लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व. ताईंचे वाचून मी परतीच्या मालाची वर्षभराची नोंदवही काढली. ४१२ ओळी होत्या, त्यांतल्या १३१ ओळींत हीट कोड नव्हता. कारण विचारले तेव्हा कळले की छापील नोंदवहीत त्यासाठी रकानाच नाही. ज्यांनी लिहिला होता त्यांनी तो शेऱ्याच्या रकान्यात आपणहून लिहिला होता, आणि त्यांतल्या बहुतेक नोंदी रात्रपाळीच्या एकाच निरीक्षकाच्या हातच्या होत्या. त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. मोठ्या साहेबांनी त्यांना बैठकीत बोलावून घेतले आणि ती नोंदवही सर्वांना दाखवली.

उरलेल्या २८१ ओळी ओतल्याच्या तारखेने लावल्या. डेबिट नोटच्या तारखेने आमचा सर्वांत वाईट महिना ऑक्टोबर होता. ओतल्याच्या तारखेने तो जुलै निघाला. पावसाळ्यात वाळू भिजते हे भट्टीवरचा प्रत्येक माणूस सांगत होता, कागदावर ते पहिल्यांदा आले.

तिन्ही विक्रेत्यांना तीच नोंदवही दिली. एकाने प्रश्न विचारले, दोघांनी पुन्हा नमुना डेटा दाखवला. अखेर पॉवर बीआयचे चार प्रो परवाने घेतले, मला आणि जे स्वतः शोधून पाहतात अशा तिघांना. उरलेल्या आठ जणांसाठी परवाने घेतलेले नाहीत. त्यांच्यासाठी रोज पावणेनऊला एक ए३ कागद मराठीत छापून भट्टीजवळच्या फळ्यावर आणि बैठकीच्या खोलीत लावतो. वर शेवटच्या नोंदीची तारीख, खाली कारणांच्या आडव्या पट्ट्या आणि फिके तीन महिने. टक्के वजनावर काढले आहेत. मेटाबेसही मी चाचणीसाठी चालवून पाहिले आणि ते मला आवडले, पण ते सांभाळणारा दुसरा माणूस आज आमच्याकडे नाही. पॉवर क्वेरी मात्र लेखा विभागातल्या मुलीलाही येते. गेल्या आठवड्यात मी मुद्दाम दोन दिवस रजा घेतली. दोन्ही दिवशी बैठक झाली.

यंत्रमाग_इचलकरंजी

निवड तुमच्या परिस्थितीला धरून आहे. पाहणारे वाढले की मेटाबेसचा पुन्हा विचार करा, एवढेच म्हणतो.

साचा_आणि_वाळू

दादा, नव्या नोंदवहीत हीट कोडच्या शेजारी साच्याच्या पोकळीचा क्रमांकही घ्या. एकाच पॅटर्नच्या चार पोकळ्यांपैकी एकच दोष देते, असे पुष्कळदा होते.

शिरोली_फौंड्री

नोंदवही काल छापायला दिली होती. प्रेसवाल्यांना आत्ताच फोन करून तो रकाना वाढवायला सांगितला, त्यांनी अजून प्लेट काढली नव्हती. छापून आली की एक प्रत तुमच्यासाठी ठेवतो, सोमवारी सुटी आहे तेव्हा आणून देईन.